विश्लेषण : कर्सरचं चक्र फिरतंय, पण काम चालू आहे का? सेवा केंद्रातल्या ‘सर्व्हर डाऊन’मागची गोष्ट

समजा, शहादा तालुक्यातल्या म्हसावदच्या एका सेवा केंद्रात एक शेतकरी बाई बसल्या आहेत. पीएम-किसानचं ई-केवायसी करायचं आहे. त्या सातपुड्यातल्या पाड्यावरून सकाळी निघून जीपनं खाली आल्या आहेत. ऑपरेटरनं आधार क्रमांक टाकला, बोट यंत्रावर ठेवायला सांगितलं. यंत्राचा दिवा लागला, विझला. पडद्यावर माउसच्या बाणाच्या जागी निळं चक्र आलं आणि फिरू लागलं.

एक मिनिट गेलं. दोन गेली. ऑपरेटरनं आणखी दोनदा क्लिक केलं. मग नेहमीचं वाक्य आलं, “सर्व्हर डाऊन आहे ताई, उद्या या.”

प्रसंग उदाहरणासाठी घेतला आहे, पण रांगेत उभ्या राहिलेल्या कुणालाही तो नवा वाटणार नाही. ‘उद्या या’ याचा अर्थ पुन्हा जीपभाडं आणि आणखी एक बुडालेला दिवस. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. म्हणजे त्या चक्राची किंमत निदान तेवढी तरी धरायला हवी.

प्रश्न असा आहे की सर्व्हर खरंच बंद होता का? ऑपरेटरला ते कसं कळलं? प्रामाणिक उत्तर असं की त्याला ते कळलेलं नसतं. त्याच्यासमोर फक्त एक चक्र असतं, आणि ते चक्र त्याला जे सांगतं असं आपण समजतो, ते ते सांगतच नाही.

हा विषय आत्ता महत्त्वाचा का?

गेल्या काही वर्षांत सरकारी लाभ आणि संगणकाचा पडदा यांची गाठ पक्की झाली आहे. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. आज जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, शिष्यवृत्ती, रेशन, सगळ्यांची वाट कुठल्या ना कुठल्या पडद्यावरून जाते.

2025 मध्ये हे पुन्हा ठळकपणे दिसलं. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत सप्टेंबरमध्ये ई-केवायसी सक्तीचं झालं. आधी दोन महिन्यांची मुदत होती, ती पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. ओटीपी येत नाही, पान अडकतं, अशा तक्रारींच्या बातम्या राज्यभरातून आल्या. त्याच वर्षी 30 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल केवायसीबद्दलच्या निकालात म्हटलं की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

म्हणजे पडद्यावर काय दिसतं आणि काय दिसत नाही, हा आता फक्त प्रोग्रॅमरचा विषय राहिलेला नाही.

कर्सर म्हणजे नेमकं काय?

पडद्यावरचा बाण म्हणजे एक छोटंसं चित्र. विंडोजमध्ये त्याचं पूर्वापार माप 32 बाय 32 ठिपक्यांचं. त्यातला एकच ठिपका कामाचा असतो, त्याला ‘हॉटस्पॉट’ म्हणतात. बाणाच्या बाबतीत तो टोकाशी असतो. आपण क्लिक करतो तेव्हा संगणक तेवढ्या एका ठिपक्याची जागा बघतो. बाकीचं चित्र आपल्यासाठी.

या चित्राच्या दोन गोष्टी बदलतात, जागा आणि आकार. जागा माउसप्रमाणे बदलते आणि ते काम ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः करते. आकार मात्र बहुतेक वेळा त्या त्या प्रोग्रॅमनं सांगायचा असतो. लिहायच्या जागेवर उभी दांडी, लिंकवर हाताचा पंजा, थांबायचं असेल तर चक्र. विंडोजमध्ये माउस एखाद्या खिडकीवर हलला की सिस्टिम त्या खिडकीच्या प्रोग्रॅमला विचारते, ‘इथे कोणता आकार दाखवू?’ प्रोग्रॅम उत्तर देतो.

‘थांबा’ सांगणारं चिन्हही जुनंच आहे. 1984 च्या मॅकिंटॉशवर ते मनगटी घड्याळ होतं. विंडोजमध्ये अनेक वर्षं वाळूचं घड्याळ होतं. 2007 मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टापासून तिथे निळं चक्र आलं.

या चक्राचे दोन प्रकार आहेत, आणि रोज संगणक वापरणाऱ्यांच्याही ते लक्षात येत नाहीत. नुसतं चक्र असेल तर अर्थ ‘थांबा’. बाण आणि त्याच्या शेजारी छोटं चक्र असेल तर अर्थ ‘मागे काम चालू आहे, तुम्ही तुमचं काम करू शकता’.

चक्र फिरवतं कोण?

इथे खरी मेख आहे. आपल्याला वाटतं, चक्र फिरतंय म्हणजे काम चालू आहे. गिरणीचा पट्टा फिरतोय म्हणजे दळण चालू, तसं. पण संगणकात पट्टा वेगळा आणि जातं वेगळं.

प्रोग्रॅमनं एकदा ‘चक्र दाखव’ असं सांगितलं की पुढे ते फिरवण्याचं काम सिस्टिम करते. प्रोग्रॅम स्वतः अडकून पडला, तरी चक्र तितक्याच डौलात फिरत राहतं. वेब पानावरही अनेकदा हेच होतं. पानावरचं फिरतं चित्र ब्राउझरचा एक भाग फिरवतो आणि अर्ज पाठवण्याचं काम दुसरा करतो. दुसरा थांबला, तरी पहिल्याला त्याचा पत्ता नसतो.

कधी कधी तर प्रोग्रॅमनं चक्र मागितलेलंही नसतं. डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये माउस, कीबोर्ड, खिडकी रंगवणं या सगळ्या सूचना एका रांगेत येतात आणि सहसा एकच कामकरी ती रांग हाताळतो. प्रोग्रॅमरनं त्याच कामकऱ्याला ‘नेटवर्कवरून उत्तर येईपर्यंत उभा राहा’ असं सांगितलं, तर रांग तुंबते. विंडोजमध्ये एखाद्या खिडकीनं सुमारे 5 सेकंद रांगेतल्या सूचना उचलल्या नाहीत की सिस्टिम तिला ‘प्रतिसाद देत नाही’ असं समजते, तिच्या मथळ्यात तसं लिहिते आणि तिच्यावर माउस नेला की चक्र दाखवते. मॅकवर फिरणारा रंगीत चेंडू दिसतो, तोही असाच सिस्टिमनं आणलेला असतो.

म्हणजे तेच चक्र दोन अगदी उलट गोष्टी सांगू शकतं. ‘काम चालू आहे, थांबा’ किंवा ‘या प्रोग्रॅमचं काय झालं, मलाच माहीत नाही’. बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

काम फसलं, तरी चक्र का राहतं?

याचं एक कारण प्रोग्रॅम लिहिण्याच्या सवयीत आहे. काम सुरू करताना कर्सर बदलायचा आणि संपलं की पूर्ववत करायचा, अशा दोन ओळी प्रोग्रॅमरला लिहाव्या लागतात. डेस्कटॉप प्रोग्रॅमसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘क्यूटी’ या साधनसंचात तर हे कर्सर एकावर एक रचले जातात. जितक्या वेळा नवा ठेवला, तितक्या वेळा तो काढावा लागतो. एकदा जरी काढायचं राहिलं तर चक्र कायमचं बसतं.

काम सुरळीत झालं तर दुसरी ओळ चालते आणि बाण परत येतो. पण मध्येच नेटवर्क तुटलं, तर प्रोग्रॅम अर्ध्यातून बाहेर पडतो. दुसरी ओळ फक्त यशाच्या वाटेवर लिहिली असेल, तर ती गाठलीच जात नाही. चक्र तसंच राहतं. परिणाम विचित्र होतो. काम यशस्वी झालं तर चक्र जातं आणि काम फसलं तर चक्र फिरत राहतं. म्हणजे जिथे माणसाला ‘झालं नाही, पुन्हा करा’ हे कळायला हवं, नेमकं तिथेच त्याला ‘थांबा’ सांगितलं जातं.

यावरचा उपाय माहितीतला आहे. आजच्या बहुतेक भाषांमध्ये ‘काहीही झालं तरी शेवटी हे कराच’ असं सांगायची सोय असते. कर्सर पूर्ववत करायची ओळ तिथे लिहायची. हे काम काही मिनिटांचं आहे.

त्रुटी पकडली का जात नाही, याचं कारणही साधं आहे. शहरातल्या कार्यालयात वेगवान जोडणीवर प्रोग्रॅम तपासला, तर फसण्याची वाट कधी चालून बघितलीच जात नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात नेटवर्क येतं-जातं, तिथे तीच रोजची वाट असते. खरं तर तपासणीसाठी जोडणी मुद्दाम मंद किंवा बंद करून बघण्याची सोय आजच्या ब्राउझरमध्ये तयारच असते.

पुन्हा क्लिक केलं तर?

ऑपरेटरनं दोनदा जास्तीचं क्लिक केलं, त्याचं काय झालं?

चक्र दिसत असताना क्लिक होत नाही, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. कर्सरचा आकार हे फक्त चित्र. बटण वेगळं बंद केलेलं नसेल, तर ते चालूच असतं. प्रोग्रॅम अडकलेला असताना केलेली क्लिकं रांगेत साठू शकतात आणि प्रोग्रॅम भानावर आला की ती एकामागून एक अमलात येऊ शकतात. एक अर्ज दोनदा जाणं, शुल्क दोनदा कापलं जाणं, ‘तुमचा अर्ज आधीच नोंदला आहे’ असा गोंधळात टाकणारा निरोप येणं, यांमागे पुष्कळदा हे कारण असतं.

म्हणून नुसता कर्सर बदलून भागत नाही. पहिलं क्लिक झालं की बटण बंद करायचं. आणि प्रत्येक अर्जाला सुरुवातीलाच एक वेगळा क्रमांक द्यायचा, म्हणजे तोच अर्ज दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर तो ओळखून एकच धरेल.

एक चक्र, चार थांबे

बोटाच्या ठशाचंच उदाहरण घेऊ. ऑपरेटर ब्राउझरमधल्या पानावर बटण दाबतो. ते पान त्याच संगणकात मागे चालू असलेल्या एका छोट्या प्रोग्रॅमला हाक मारतं. ऑपरेटर त्याला ‘आरडी सर्व्हिस’ म्हणून ओळखतात. तो ठसा घेण्याच्या यंत्राशी बोलतो, ठसा कुलूपबंद करून पानाकडे देतो. पान तो नेटवर्कवरून संबंधित खात्याच्या सर्व्हरकडे पाठवतं. तिथून पडताळणीसाठी तो आधारच्या यंत्रणेकडे जातो आणि उत्तर त्याच वाटेनं परत येतं.

म्हणजे थांबण्याच्या जागा निदान चार. संगणकातली आरडी सर्व्हिस, गावातलं नेटवर्क, खात्याचा सर्व्हर आणि आधारची पडताळणी. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. आरडी सर्व्हिस बंद असेल तर ती पुन्हा चालू करायची, दोन मिनिटांचं काम. नेटवर्क गेलं असेल तर दुसऱ्या सिमवरून बघायचं. खात्याचा सर्व्हर बंद असेल तर खरंच थांबावं लागेल. ठसा जुळला नसेल तर दुसरं बोट किंवा ओटीपी. शेतात, मजुरीत झिजलेल्या बोटांचा हा नेहमीचा अनुभव.

चारही ठिकाणी चक्र मात्र एकच. त्यामुळे निदान होत नाही आणि चारही दुखण्यांना ‘सर्व्हर डाऊन’ हेच नाव मिळतं. दोन मिनिटांत सुटणाऱ्या अडचणीसाठीही माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो.

याचा एक सामाजिक परिणामही आहे. चक्र कुणाचं नाव घेत नाही, म्हणून राग समोरच्या माणसावर निघतो. ऑपरेटरला वाटतं बाईंनी बोट नीट ठेवलं नाही. बाईंना वाटतं ऑपरेटर टाळतो आहे. चूक ज्या प्रोग्रॅममध्ये आहे, तो लिहिणारा या दोघांच्याही नजरेसमोर नसतो.

आणि ज्यांना चक्र दिसतच नाही?

अंध व्यक्ती संगणक वापरताना पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आणि कीबोर्ड वापरतात. माउसचा बाण त्यांच्या कामात जवळपास नसतोच. मोबाइलवर तर कुणालाच बाण दिसत नाही, कारण तिथे तो नाही. जो प्रोग्रॅम ‘थांबा’ हे फक्त कर्सरच्या आकारातून सांगतो, तो या सगळ्यांशी मुळीच बोलत नाही.

याबद्दलचे नियम अस्तित्वात आहेत. 2018 च्या जागतिक वेब सुगम्यता निकषांमध्ये स्थितीचा निरोप वाचक-प्रोग्रॅमलाही कळला पाहिजे, अशी स्पष्ट अट आहे. 2023 मध्ये केंद्र सरकारनं सरकारी संकेतस्थळांसाठी सुधारित मार्गदर्शक सूचना आणल्या, त्यांचा पाया हेच निकष आहेत. सर्वोच्च न्यायालयाचा 2025 चा निकाल याच दिशेचा होता. नियम आहेत, अडचण आहे ती काम स्वीकारताना ते तपासण्याची.

प्रोग्रॅमरची बाजू

यात फक्त प्रोग्रॅमरला दोष देणं बरोबर होणार नाही. दूरच्या सर्व्हरला किती वेळ लागेल, हे त्याला अनेकदा सांगता येत नाही. शेवटच्या तारखेला लाखो लोक एकाच वेळी आले, तर उत्तम लिहिलेलं पानही दमतं. नेटवर्कचा मनोरा उभारणं त्याच्या हातात नाही.

पण किती वेळ लागेल हे माहीत नसलं, तरी आत्ता कुठे अडलं आहे हे बहुतेक वेळा माहीत असतं. आरडी सर्व्हिसनं उत्तर दिलं की नाही, हे पानाला नेमकं कळतं. अर्ज सर्व्हरकडे पोहोचल्याची पोच आली की नाही, हेही कळतं. ही माहिती प्रोग्रॅमकडे असते, फक्त ती पडद्यावर येत नाही.

पडद्यामागच्या या वेळेचा हिशोबही जुना आहे. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 1993 मध्ये तीन मर्यादा मांडल्या. 0.1 सेकंदात उत्तर आलं तर ते लगेच आल्यासारखं वाटतं, 1 सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही आणि 10 सेकंदांपलीकडे लक्ष उडतं, म्हणून तिथे काम कुठवर आलं ते दाखवायला हवं. आपल्या रांगेतलं चक्र मिनिटांच्या हिशोबात चालतं.

मग काय बदलता येईल?

पहिली गोष्ट, चक्रासोबत शब्द. ‘ठसा मिळाला’, ‘अर्ज खात्याकडे पाठवत आहोत’, ‘आधारकडून उत्तराची वाट’. चार ओळी, मराठीत. ऑपरेटर मग त्या पावरीत किंवा अहिराणीत समोरच्याला समजावून सांगू शकतो. इंग्रजीतला आकडी सांकेतिक क्रमांक तो काय समजावणार?

दुसरी, कालमर्यादा. ठरावीक सेकंदांत उत्तर आलं नाही, तर प्रोग्रॅमनं स्वतः थांबून काय झालं ते सांगायचं, बाण परत द्यायचा आणि ‘रद्द करा’ किंवा ‘पुन्हा प्रयत्न करा’ असा पर्याय ठेवायचा.

तिसरी, निविदेतली अट. सरकारी प्रोग्रॅम विकत घेताना तो मंद जोडणीवर आणि मध्येच तुटलेल्या जोडणीवर चालवून दाखवा, असं लिहिता येतं. तपासणी म्हसावदसारख्या ठिकाणच्या केंद्रातच केली, तर आणखी चांगलं.

तोपर्यंत ऑपरेटरला स्वतः थोडं निदान करता येतं. बाण पडद्यावर हलतोय आणि फक्त एका खिडकीवरच चक्र होतंय, तर बहुधा तो प्रोग्रॅम अडकला आहे. बाणच हलत नसेल, तर संगणक किंवा माउस अडकला आहे. बाण मोकळा आहे पण पानावरचं चक्र थांबत नाही, तर आरडी सर्व्हिस आणि नेटवर्क आधी बघावं. आणि पैसे भरण्याच्या पानावर चक्र आलं, तर पुन्हा क्लिक न करता आधी व्यवहारांची यादी तपासावी.

चक्र आणि मुदत

महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत मिळाली पाहिजे, नाही मिळाली तर अपील करता येतं, असं तो सांगतो. पण ही मुदत मोजायला अर्ज पोहोचलेला असावा लागतो. अर्जाची पोच आणि क्रमांक हाती आला, की पुढचे दिवस मोजता येतात.

चक्र फिरत राहिलं आणि क्रमांक मिळालाच नाही, तर कायद्याच्या दृष्टीनं त्या दिवशी काहीच घडलेलं नसतं. बाई सकाळी निघाल्या, खाली आल्या, रांगेत बसल्या, बोट ठेवलं, यातल्या कशाचीही नोंद कुठे होत नाही. मुदत सुरू झालेली नसते, म्हणून उशीरही झालेला नसतो आणि अपिलालाही जागा नसते.

म्हणून केंद्रातून उठण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला हवा, “क्रमांक आला का?” आला असेल तर तो लिहून घ्यायचा. आला नसेल, तर पडद्यावरचा निरोप आणि वेळ यांचा फोटो काढून ठेवायचा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनीही तोच प्रश्न स्वतःला विचारायला हवा. अर्ज फसला तरी ‘आज इतक्या वाजता प्रयत्न झाला, अमुक ठिकाणी अडला’ एवढी पावती छापता येते. बाईंना उद्या पुन्हा यावं लागलं, तर निदान आज त्या येऊन गेल्याचा कागद त्यांच्या हातात असेल.